नवगावच्या कबरी आणि आपण

आमच्या उर्दू शाळेची सहल दरवर्षी हिवाळ्यात निघते. बीडहून निघायचे म्हणजे दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ हा ठरलेला रस्ता. एका वर्षी मुलांनीच हट्ट धरला, समुद्र पाहायचा. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. खरे सांगायचे तर सोबतच्या दोन शिक्षकांनीही पाहिलेला नव्हता. महामंडळाची गाडी ठरवली आणि जंजिरा-अलिबागचा बेत केला. सिद्दींचा किल्ला पाहून मुले हरखून गेली. परतीच्या वाटेवर अलिबागच्या अलीकडे चहासाठी गाडी थांबली. मुले इकडेतिकडे पांगली. थोड्या वेळाने आठवीतला एक मुलगा धावत आला आणि म्हणाला, "सर, उधर कबरां हैं, मगर ऊपर मराठी में लिखेला है!"

आम्ही जाऊन पाहिले. पडक्या कुंपणाच्या आत, गवतात बुडालेल्या वीस-पंचवीस कबरी. दगडांवर सर्वांत वर अनोळखी चौकोनी अक्षरे, त्याखाली स्वच्छ मराठी. मृताचे नाव, बापाचे नाव, गावावरून पडलेले आडनाव आणि तारीख. मुले बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागली. "अब्राहाम बोले तो इब्राहीम ना सर?" होय, इब्राहीम. "मोशे बोले तो?" मूसा. "और ये दाविद?" दाऊद. मुलांना गंमत वाटू लागली. तेवढ्यात एकाने विचारले, "सर, ये लोगां कौन थे?" आम्ही सांगितले, यहूदी. मुले एकदम गप्प झाली. मग मागून कोणीतरी म्हणाले, "यहूदी तो अपने दुश्मन हैं ना सर?"

त्या क्षणी आम्ही काय उत्तर दिले? बहुधा "चला, गाडीत बसा" एवढेच म्हणालो. शिक्षकाला उत्तर सुचले नाही की तो मुलांना रांगेत उभे करतो. पण तो प्रश्न आमच्याबरोबर बीडला आला. पुढे वाचन केले, विचारपूस केली, आणि जे हाती लागले ते आज आपल्यासमोर ठेवतो आहोत. उशिरा का होईना, त्या मुलाला दिलेले हे उत्तर समजावे.

कोकणातल्या या यहुद्यांना बेने इस्राएल म्हणतात. आपल्या कानांना हे नाव परके नाही. कुरआनच्या सतराव्या सुरेला आपण सूरह बनी इस्राईल म्हणतो, तेच हे नाव. त्यांच्यातली परंपरा अशी सांगते की, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांची प्रेते लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकली आणि ती नवगावातच दफन झाली. पुरुषांची एका जागी, स्त्रियांची दुसऱ्या जागी. या समाजाचे इतिहासकार हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी ही घटना इ.स.पू. १७५ च्या सुमाराची मानली. त्यांनी इंग्रजीत लिहिलेला आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये पूर्ण झाला, पण छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. इतिहासाच्या अभ्यासकांत त्या काळाविषयी एकमत नाही. परंतु नवगावच्या त्या उंचवट्यांविषयी एका समाजाच्या मनात पिढ्यान्पिढ्या कसलीही शंका नव्हती. तिथे नावाचे दगड नव्हते, लेख नव्हता. 'आपली माणसे इथे आहेत' ही नुसती आठवण होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे स्मारकाचा स्तंभ उभा राहिला. आज इस्राएलहून येणारी कुटुंबे आधी तिथे जातात आणि मग आपापल्या पूर्वजांचे गाव शोधतात.

वाचलेली माणसे कोकणातच राहिली. तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. धर्मग्रंथ समुद्रात गेले होते, इब्रानी भाषा विसरली गेली. जवळ काय उरले? मुलांची सुंता, शनिवारचा विसावा, खवले नसलेला मासा न खाणे, आणि 'शमा' ही एकेश्वराची साक्ष देणारी प्रार्थना. आपल्याकडे एखाद्या खेड्यातल्या अडाणी म्हातारीला बाकी काही येत नाही, पण कलमा येतो, तसेच हे. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा एक यहुदी विद्वान कोकणात आला. त्याने म्हणे बायकांसमोर निरनिराळे मासे ठेवले आणि त्यांनी खवल्यांचे मासे तेवढे निवडले, तेव्हा त्याची ओळख पटली. त्याने ज्यांना शिकवून तयार केले, त्या धार्मिक प्रमुखांना हे लोक काय म्हणत? 'काझी'. आणि आपल्या प्रार्थनास्थळाला? 'मशीद'. मुंबईत मांडवी भागात १७९६ साली त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. त्या 'जुन्या मशिदी'वरूनच मस्जिद बंदर स्टेशनचे नाव पडले, असे सांगितले जाते.

ते सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल दिवेकर हे कंपनीच्या फौजेतले अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. बेने इस्राएल घरांत सांगितली जाणारी हकीकत अशी की, कैद्यांची जात विचारली गेली तेव्हा त्यांनी 'बनी इस्राईल' असे सांगितले. हे नाव ऐकून टिपूच्या आईने रदबदली केली, कारण कुरआनात ज्यांचा उल्लेख वारंवार येतो ती माणसे तिने प्रथमच डोळ्यांनी पाहिली होती. ही हकीकत कागदोपत्री किती टिकेल हा प्रश्न वेगळा. पण एका यहुदी समाजाने आपल्या पहिल्या प्रार्थनास्थळाच्या कथेत एका मुसलमान बाईचे उपकार जपून ठेवले, हे आपण विसरावे काय?

आणखी एक. बेने इस्राएल नवस फेडतात तो मलिद्याने. पोहे, गूळ, खोबरे, वर फळे, आणि समोर हजरत इलियास, ज्यांना ते एलियाहू हन्नाबी म्हणतात, त्यांचे स्मरण. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावरच्या खुणांना ते एलियाहूंच्या रथाच्या खुणा मानतात. आपल्याकडच्या दर्ग्यांवरही मलिदाच असतो. शरीअत आणि रिवाज यांचा वाद आलिमांनी करावा. आम्ही एवढेच म्हणतो, की ताट एकाच मुलखातले आहे.

मरणाच्या वेळी तर हे साम्य अधिकच जवळचे होते. यहुदी आपल्या मय्यतीला गुस्ल देतात, साधे पांढरे कफन घालतात, शक्य तेवढ्या लवकर मातीआड करतात. श्रीमंताचे आणि गरिबाचे कफन सारखेच. दहन नाही. धर्मग्रंथाची जीर्ण झालेली गुंडाळी फेकत नाहीत, तीसुद्धा अदबीने दफन करतात, जसे आपण कुरआनच्या जीर्ण पानांचे करतो. फरक आहे तो एका ठिकाणी. आपल्याकडे जुन्या कबरीच्या जागी काही काळाने दुसरी मय्यत ठेवली जाते. त्यांच्याकडे कबरीची जागा कायमची मृताची. कबरस्तानाला इब्रानीत एक नाव आहे 'बेथ ओलाम', म्हणजे अनंतकाळचे घर. म्हणून दफने थांबली, तरी यहुद्यांच्या दृष्टीने ते कबरस्तान जुने होत नाही, मोकळी जमीन तर कधीच होत नाही. नेमके हेच शेजाऱ्यांना आणि तलाठ्याला ठाऊक नसते.

दफने थांबली ती का? १९४८ मध्ये इस्राएल हे राष्ट्र स्थापन झाले. त्या सुमारास बेने इस्राएल समाज वीस हजारांच्या आसपास होता. पन्नास-साठच्या दशकांत गावेच्या गावे रिकामी झाली. आज सगळ्या भारतात मिळून पाचेक हजार यहुदी उरले असतील, आणि त्यांतले बहुतेक मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. पेण, पनवेल, रेवदंडा, अलिबाग इथली सिनेगॉगे उभी आहेत, पण सामुदायिक प्रार्थनेला लागणारी दहा पुरुषांची संख्या भरणे मुश्किलीचे. जिवंतांसाठी दहा माणसे जमत नाहीत, तिथे मृतांच्या कुंपणाकडे कोण पाहणार?

१९४८ हा आकडा लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो. त्याच साली सप्टेंबरात पोलिस ॲक्शन झाली. मराठवाड्यातल्या अनेक मुसलमान घरांनी गावे सोडली. कोणी हैदराबादला गेले, कोणी कराचीला. मागे कबरी राहिल्या. आमच्या आजोळच्या गावी कबरस्तानात फारसी लेख असलेला एक दगड होता. आम्ही लहानपणी पाहिला तेव्हा तो एका घराच्या न्हाणीत पायाखाली होता. त्या घरच्या माणसांनी मुद्दाम अवमान केला असे नव्हे. त्यांना तो दगड वाचताच येत नव्हता. आणि ज्यांना वाचता येत होता ते निघून गेले होते. कबर अशी मरते. हातोड्याने फोडली जाणारी कबर एखादीच. बहुतेक कबरी वाचणारा न उरल्यामुळे मरतात.

हे समजून घ्यायचे तर केरळातल्या माळा गावाचे उदाहरण पाहावे. तिथले यहुदी १९५५ मध्ये इस्राएलला गेले. जाण्यापूर्वी त्यांनी सिनेगॉग आणि कबरस्तान ग्रामपंचायतीच्या हवाली केले आणि कबरस्तान जपले जाईल असा करार करून घेतला. माणसे गेली, कागद राहिला. पुढे कबरस्तानाच्या जमिनीचा काही भाग क्रीडांगणाकडे गेला. आज तिथे फक्त तीन कबरी शिल्लक आहेत. त्या तिन्ही उरल्या आणि त्यांची गोष्ट जगाला कळली, ती गावातल्याच काही बिगर-यहुदी नागरिकांनी लढा दिला म्हणून. नुसत्या कराराने कबरस्तान राखले जात नाही. त्या कागदाची आठवण करून देणारा शेजारी लागतो.

असा शेजारी मुसलमानही असू शकतो. कोलकात्याच्या सिनेगॉगांची देखभाल मुसलमान घराणी पिढ्यान्पिढ्या करीत आली आहेत. मुंबईत माझगावला केहीमकरांनी १८७५ मध्ये सुरू केलेली इस्रायली शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. यहुदी मुलांसाठी निघालेल्या त्या शाळेत आज बहुसंख्य मुले मुसलमान आहेत. मोरोक्कोत २०१० पासून राजे मुहम्मद सहावे यांच्या पुढाकाराने देशभरातल्या १६७ यहुदी कबरस्तानांची दुरुस्ती झाली. अमेरिकेत सेंट लुईस शहराजवळ फेब्रुवारी २०१७ मध्ये यहुदी कबरस्तानातले दगड कोणी उलथून टाकले, तेव्हा तिथल्या मुसलमानांनी वर्गणी काढली आणि काही दिवसांतच एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली.

आता तो मुलगा पुन्हा विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे: "सर, मग फलस्तीनचं काय?"

हा प्रश्न टाळून पुढे जाणे म्हणजे पुन्हा "गाडीत बसा" म्हणणे होय. जेरुसलेममध्ये ममिल्ला नावाचे मुसलमानांचे शेकडो वर्षांचे जुने कबरस्तान आहे. त्याच्या एका भागावर 'सहिष्णुतेचे संग्रहालय' बांधायचे ठरले. मुसलमानांनी विरोध केला, परंतु २००८ मध्ये इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला परवानगी दिली. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धात गाझामधली कबरस्तानेही रणगाड्यांखाली नांगरली गेली, त्याची छायाचित्रे जगाने पाहिली. हे आम्ही विसरलेलो नाही आणि मुलांनाही विसरायला सांगणार नाही. पण इतिहास शिकवणाऱ्याने पुढचे पानही उलटले पाहिजे. १९४८ ते १९६७ या काळात पूर्व जेरुसलेम जॉर्डनच्या ताब्यात असताना जैतुनाच्या डोंगरावरच्या यहुदी कबरस्तानाची मोडतोड झाली आणि तिथले दगड फरशीसाठी वापरले गेले. त्यांनी केले ते गैर असेल, तर आपल्यांनी केले तेही गैरच ठरते. ममिल्लासाठी आपण ज्या तोंडाने न्याय मागतो, त्याच तोंडाने कोकणातल्या कबरीविषयी बोलता आले पाहिजे. नाहीतर तो न्याय राहत नाही, नुसती बाजू उरते. शिवाय त्या गवतात झोपलेल्या तेल्यांनी, शिपायांनी, सुतारांनी, मास्तरांनी जेरुसलेम पाहिलेलेसुद्धा नव्हते. त्यांचा हिशेब त्यांच्याकडून का मागायचा?

आपल्या दीनमध्ये याचे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. पैगंबर (स.) यांच्या समोरून एक जनाजा गेला आणि ते उठून उभे राहिले. सोबत्यांनी सांगितले की हा तर यहुद्याचा जनाजा. त्यावर त्यांनी उलट विचारले की तो जीव नव्हता काय. आपल्या घरांत ही हदीस अनेकांना पाठ आहे. मुंबईत नोव्हेंबर २००८ चा हल्ला झाला, नरिमन हाउसमधल्या यहुद्यांसह शेकडो निरपराध मारले गेले किंवा जखमी झाले. तेव्हा मारल्या गेलेल्या हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बड्या कबरस्तानात जागा द्यायला मुसलमानांच्याच ट्रस्टने साफ नकार दिला. कबरस्तान म्हणजे केवळ खड्डे खणायची जमीन नव्हे, त्याला इज्जत असते, हे आपल्या समाजाने त्या दिवशी साऱ्या देशाला सांगितले. ती इज्जत शेजाऱ्याच्या कबरस्तानालाही असते.

मग करायचे काय? लाखो रुपये लागतात असा आपला समज असतो. मोठ्या इमारतीसाठी पैसा मिळतोही. मुंबईतल्या काळाघोड्याच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगची दुरुस्ती होऊन ते २०१९ मध्ये पुन्हा झळकले, ही आनंदाची गोष्ट. पण खेड्यातल्या वीस कबरींना देणगीदार मिळत नाही. त्यांना आधी लागतो कागद. सातबाऱ्यावर किंवा नगर भूमापनाच्या उताऱ्यावर ती जागा दफनभूमी म्हणून नोंदलेली आहे का, हे पाहणे. मग मोजणी आणि हद्दीचे दगड. मग कुंपण. जर्मनीत स्थापन झालेल्या एका संस्थेने पूर्व युरोपातल्या शेकडो बेवारस यहुदी कबरस्तानांना फक्त कुंपणे घातली, कारण कुंपण असले की लोक ती मोकळी जागा समजत नाहीत. कुंपणाचे खड्डेही हद्दीवर, कबरींपासून दूर खणायचे, कारण यहुदी धर्मानुसार मृताला हलवता येत नाही. त्यानंतर प्रत्येक दगडाला क्रमांक, फोटो आणि लेखाची नक्कल. साफसफाई पाण्याने आणि मऊ ब्रशने. तारेचा ब्रश आणि ॲसिड लावले की दगडाबरोबर अक्षरेही जातात. चुन्यात बसवलेल्या दगडाला सिमेंट लावले तर ओल आत कोंडते आणि दगड फुटतो. झाड ओढून काढले की मुळांबरोबर कबरही वर येते, म्हणून ते बुंध्याशी कापायचे. आणि हे सारे ज्यांचे कबरस्तान आहे त्या समाजाच्या ट्रस्टला विचारून. आपण शेजारी आहोत, मालक नव्हे. कबरस्तानात घुसून विटंबना करणे हा पूर्वीच्या दंड संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली आहे. कायदा आहे, पण तक्रार करायला गावात कोणीतरी हवे.

यात दगडावरचा लेख वाचून उतरवणे हे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निकडीचे. आणि ते कोण करू शकतो? इस्राएलमध्ये जन्मलेली नातवंडे वरची इब्रानी ओळ वाचतील. पण खालची मराठी? तिथे गेलेल्या पहिल्या पिढीने मराठी जपली, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही चालवले. मात्र पुढची पिढी इब्रानीत वाढली. तेव्हा त्या दगडांवरच्या मराठीचे वाचक आता आपणच आहोत. बीडच्या उर्दू शाळेतला आठवीचा मुलगासुद्धा. त्या लोकांनी आपल्या माणसांचे शेवटचे शब्द मराठीत कोरले, म्हणजे मराठी वाचणाऱ्यांच्या भरवशावर ठेवले.

आमच्या बीड जिल्ह्यात यहुदी कबरस्तान असल्याचे ऐकिवात नाही. म्हणून आम्ही आपल्याच घरापासून सुरुवात केली. सहलीनंतरच्या वर्षी नववीच्या मुलांना घेऊन एका जुन्या कबरस्तानात गेलो. मुलांनी पाण्याने दगड धुतले, उर्दू-फारसी लेख वहीत उतरवले, शेजारी मराठीत अर्थ लिहिला. एकेचाळीस दगड वाचून झाले, सात वाचताच आले नाहीत. त्या सातांसाठीही वहीत क्रमांक टाकून जागा मोकळी ठेवली आहे. कबरस्तानाच्या जमिनीचे दावे आपल्याकडे काय कमी आहेत? २०२५ च्या वक्फ सुधारणा कायद्यानंतर तर कागदाची किंमत आणखी वाढली. ही वही उद्या कोणत्या कचेरीत उपयोगी पडेल की नाही, सांगता येत नाही. पण आमच्या गावातल्या हिंदू शिक्षक मित्राने ती मागून नेली आणि परत देताना म्हणाला, "मास्तर, रोज या वाटेनं जातो, पण इथे कोण आहे ते आज कळलं."

नवगावच्या कबरींविषयी आम्हाला हेच म्हणायचे आहे. तिथे कोण आहे, ते कळले पाहिजे. आपल्यापैकी जे कोकणात राहतात, पेण-पनवेल-अलिबागच्या शाळांत शिकवतात, त्यांनी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जावे. आधी परवानगी घ्यावी, फाटकाशी सलाम करावा आणि वही उघडावी. यहुद्यांत कबरीवर फुले वाहण्याऐवजी लहानसा खडा ठेवण्याची रीत आहे, कोणीतरी येऊन गेले याची खूण म्हणून. आमच्या त्या आठवीतल्या मुलाने गाडीत बसण्यापूर्वी एका दगडावर वाळलेले गवत बाजूला सारले होते. त्याला खड्याची रीत ठाऊक नव्हती. नाव नीट वाचता यावे, एवढेच त्याला हवे होते.